थायरॉइडची गोळी आणि थरथरणारे हात: कारण शोधायची पद्धत

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या माणसाचे हात थरथरू लागले, बोटे वळवळू लागली किंवा पाय आपोआप उडू लागले, की घरात निकाल लगेच लागतो: गोळी बाधली. मग कोणी गोळी बंद करतो, कोणी अर्धी करतो, कोणी ‘होईल सवय’ म्हणून महिनोन्‌महिने सोसतो. कधी कधी दोष खरोखर गोळीचाच असतो. पण पुष्कळदा तो कॅल्शियमचा, दुसऱ्या एखाद्या औषधाचा किंवा थायरॉइडशी संबंध नसलेल्या आजाराचा निघतो. निवाडा करायला सगळ्यात आधी लागतात त्या तारखा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला आणि हालचाल कधी सुरू झाली हे शेजारीशेजारी लिहून काढले की बरेचसे कोडे तिथेच सुटते.

थायरॉइडची नेहमीची गोळी म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. हे आपली ग्रंथी बनवते तेच टी-४ संप्रेरक आहे, फक्त कारखान्यात तयार केलेले. रक्तातली पातळी योग्य असेल तर त्याने थरथर सुटायला सहसा कारण नसते. ती सुटते पातळी गरजेपेक्षा वर गेली की. म्हणून ‘मला ही गोळी सोसत नाही’ या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला हा डोस जास्त होतोय’ असा असतो. पहिला अर्थ धरणारा गोळी सोडून बसतो, दुसरा धरणारा डोस तपासून घेतो.

हे होते कसे? प्रत्येकाच्या हाताला मुळातच बारीक कंप असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. एरवी तो नजरेला येत नाही. संप्रेरक वाढले की शरीर अॅड्रेनलिनला जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागते, आणि तोच कंप मोठा होऊन दिसतो. घाबरल्यावर हात कापतात तोही याच वाटेने. वळवळीसारख्या दुर्मीळ हालचालींमागे मात्र मेंदूतल्या हालचाली आवरणाऱ्या केंद्रांची डोपामिन या मेंदूतल्या रसायनाविषयीची संवेदनशीलता वाढत असावी, असे मानले जाते.

पायरी १: वाट पाहू नये अशी लक्षणे

पुढचे सगळे सवडीने करायचे आहे, हे सोडून. हालचाल अचानक आणि शरीराच्या एकाच बाजूला सुरू झाली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, शुद्ध हरपली किंवा फिट आली, तर थेट रुग्णालय गाठा. छातीत दुखणे, दम लागणे, नाडी अनियमित किंवा फार वेगाने चालणे यांनाही तोच नियम. ताप, खूप जलद नाडी आणि बरळणे हे तिन्ही एकत्र आले तर संप्रेरकाचा अतिरेक जिवावर बेतू शकतो. थायरॉइडची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल आणि ओठांभोवती मुंग्या येऊन बोटे आखडत असतील, तर कॅल्शियम घसरले असण्याची शक्यता दाट. तीही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट.

लहान मुलाने गोळ्या गिळल्या किंवा कोणी चुकून मूठभर घेतल्या, तर ‘काही त्रास दिसत नाही’ यावर विसंबू नका. टी-४ चा परिणाम दिसायला काही दिवसही लागू शकतात.

पायरी २: हालचाल नेमकी कोणती, ते पाहा

‘हात हलतात’ एवढ्यावर डॉक्टरही काही सांगू शकत नाहीत. हालचालींचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा संशयित वेगळा.

संप्रेरक जास्त झाल्याचा कंप बारीक आणि जलद असतो, बहुधा दोन्ही हातांना सारखा, आणि हात समोर ताणून धरले की दिसतो. पाहायची युक्ती सोपी: हात समोर पसरा, बोटे फाकवा आणि वर एक कोरा कागद ठेवा. डोळ्यांना न दिसणारा कंप कागदाची कड दाखवते. दुसऱ्या कागदावर हात न टेकवता आतून बाहेर जाणारे चक्राकार वेटोळे काढा, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. तारीख घालून तो कागद जपून ठेवा. पुढे डोस बदलल्यावर तुलना करायला याच्याइतका स्वस्त पुरावा नाही.

आता त्याच्यासारखे दिसणारे पण वेगळे असलेले. हात मांडीवर निवांत असताना कंप येतो, तो एका बाजूने सुरू झाला आहे, सावकाश आहे, आणि हात कामाला लावला की कमी होतो: असे असेल तर कंपवाताचा विचार करावा लागतो. पेला तोंडाशी नेताना हात हलतो, आई किंवा वडिलांनाही असेच होते, मान किंवा आवाजही कापतो, आणि हे गोळीच्या कितीतरी आधीपासून आहे: हा आनुवंशिक वळणाचा कंप असू शकतो. त्याला वाढलेले संप्रेरक आणखी चेतवते, त्यामुळे कधी दोन्ही कारणे एकाच हातात नांदतात.

कोरिया म्हणजे ठेका नसलेली, एका अवयवातून दुसऱ्यात सरकणारी वळवळ. बोटे पियानो वाजवल्यासारखी हलतात, खांदा उडतो, चेहऱ्यावर चमत्कारिक हावभाव उमटून जातात. माणूस नकळत ती हालचाल केस सावरणे, कपडा नीट करणे अशा कृतीत लपवतो, म्हणून घरच्यांना तो नुसता चुळबुळ्या वाटतो. जीभ बाहेर काढून दहा सेकंद स्थिर ठेवायला सांगा. ती आत-बाहेर होत राहिली, किंवा तुमची बोटे घट्ट धरायला सांगितल्यावर पकड कमी-जास्त होत राहिली, तर संशय पक्का समजून दाखवा. संप्रेरकाच्या अतिरेकात कोरिया होतो, गोळीचा डोस जास्त झाल्यानेही झाल्याच्या नोंदी आहेत; पण तो दुर्मीळ आहे. कोरिया दिसला की ल्युपस (प्रतिकारशक्तीचा आजार), ऱ्हुमॅटिक तापानंतरचा कोरिया, फार वाढलेली साखर, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिक आजार ही कारणेही तपासावीच लागतात. सगळे खापर थायरॉइडवर फोडून मोकळे होऊ नये.

झोप लागता लागता अंगाला बसणारा एखादा झटका नैसर्गिक आहे. जागेपणी वारंवार येणारे झटके नाहीत. संध्याकाळी पडल्यावर पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे हा वेगळाच प्रकार, आणि त्यात लोह कमी असल्याची शंका आधी घ्यावी. पापणी फडफडण्याबद्दल मात्र फार डोके शिणवू नका. जागरण, ताण आणि कॉफी ही तिची नेहमीची कारणे, आणि ती आपोआप थांबते.

शक्य असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या: हात मांडीवर, मग ताणलेले, मग पाणी ओतताना. तपासणीच्या खोलीत नेमकी हालचाल गायब होते, हा सगळ्यांचाच अनुभव असतो.

पायरी ३: तारखांची पट्टी

या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळू.

टी-४ चे अर्धायुष्य साधारण ७ दिवस असते. म्हणजे आज गोळी बंद केली तरी आठवड्याने निम्मे, दोन आठवड्यांनी पाव संप्रेरक रक्तात उरते. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. यातून तीन निष्कर्ष निघतात. २५ मायक्रोग्रॅमची पहिलीच गोळी घेतली आणि दोन तासांत हात कापू लागले, तर टी-४ चा अतिरेक हे त्याचे कारण असणे जवळपास अशक्य. एक दिवस गोळी चुकवली आणि संध्याकाळी बरे वाटले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि डोस वाढवल्यावर तीन ते सहा आठवड्यांत हळूहळू थरथर वाढत गेली असेल, तर संशय खरोखर गोळीवर जातो.

याला एक अपवाद आहे. टी-३ म्हणजे लायोथायरोनिन (थायरॉइडचे दुसरे, जास्त जोरकस संप्रेरक) असलेली गोळी, किंवा प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथीपासून बनवलेली गोळी. टी-३ घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तात शिखर गाठते आणि त्याचे अर्धायुष्य साधारण एका दिवसाचे. इथे गोळीनंतर काही तासांनी येणारी धडधड आणि थरथर अर्थपूर्ण ठरते, म्हणून तासांचीही नोंद ठेवा.

वहीत एवढे लिहा: प्रत्येक डोसची तारीख आणि ताकद, कंपनी बदलली असेल तर ती तारीख, हालचाल पहिल्यांदा दिसली तो दिवस, वजन, सकाळी उठल्याबरोबरची नाडी. सोबत नवे सुरू झालेले किंवा बंद झालेले प्रत्येक औषध. बंद झालेले औषध लिहायला लोक हमखास विसरतात, आणि खरी गंमत तिथेच असते.

पायरी ४: डोस तोच, मग जास्त कसा झाला?

‘पाच वर्षे १०० चीच गोळी आहे, मग आत्ताच काय झाले?’ हा रास्त प्रश्न आहे. डोस तोच राहतो, शरीर बदलते.

आधी पाकीट बघा. या गोळ्या २५, ५०, ७५, ८८, १००, १२५ अशा अनेक ताकदींत मिळतात, पाकिटे सारखीच दिसतात आणि दुकानातून घाईत भलतीच हाती येते. दोन ताकदींच्या गोळ्या मिळून डोस बनवला असेल तर घोळ आणखी सोपा.

मग घेण्याची पद्धत. समजा कोणी वर्षानुवर्षे गोळी नाश्त्याबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांसोबत घेत होता. ती नीट शोषली जात नव्हती, म्हणून टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉइड संप्रेरक कमी पडले की ते वाढते, जास्त झाले की घटते) वर राहायचे आणि डॉक्टर डोस वाढवत गेले. एके दिवशी त्याला योग्य पद्धत कळली: उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही न खाता, कॅल्शियम आणि लोहाशी चार तासांचे अंतर राखून. पद्धत सुधारली आणि फुगलेला डोस आता पूर्ण अंगी लागू लागला. शिस्तशीर माणसाचे हात कापायला लागायचे हे कारण मला सगळ्यात विलक्षण वाटते. आम्ल कमी करणारी गोळी बंद होणे किंवा सीलिएक आजारात (गव्हातले ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) ग्लूटेन सोडणे यांनीही असेच शोषण सुधारते.

वजन बरेच उतरले असेल तर गरजही उतरते. पूर्ण भरपाईचा डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने ठरतो. वय वाढते तशीही गरज कमी होत जाते. गरोदरपणात डोस वाढवला जातो आणि बाळंतपणानंतर तो पूर्वीवर आणायचा असतो, पण बाळाच्या धावपळीत ते राहून जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना डोस वाढवला असेल आणि त्या गोळ्या थांबल्या, तर डोस जास्त ठरतो. फिटसाठीची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, क्षयावरचे रिफॅम्पिसिन ही औषधे संप्रेरक लवकर निकामी करतात. ती बंद झाली की पातळी चढते.

कधी ग्रंथी स्वतःच पुन्हा जागी होते. हाशिमोटोच्या (प्रतिकारशक्ती ग्रंथीचे नुकसान करते तो आजार) काही रुग्णांत पुढे ग्रेव्हज आजाराकडे (प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जादा संप्रेरक बनवायला लावते तो) कल जातो, बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठा रक्तात सांडतो, किंवा एखादी गाठ स्वतंत्रपणे संप्रेरक बनवू लागते. अशा वेळी गोळी निमित्तमात्र.

आणि बाहेरून नकळत येणारे संप्रेरक. वजन घटवण्याच्या काही ‘नैसर्गिक’ पुड्या-गोळ्यांत थायरॉइड संप्रेरक मिसळलेले सापडले आहे. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा आणि आसपासच्या भागात शंभराहून अधिक लोकांना संप्रेरकाचा अतिरेक झाला होता. कारण निघाले ते गुरांच्या मानेचे मांस थायरॉइड ग्रंथीसकट दळून विकले गेल्याचे. एरवी कोणाला सुचले असते? म्हणून पूरक चूर्णे, गोळ्या, सगळे काही डॉक्टरांसमोर ठेवा.

पायरी ५: तपासण्या, आणि त्यांची वेळ

टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातले मोकळे, कामी येणारे टी-४) हव्यातच. टी-३ ची गोळी असेल किंवा ग्रेव्हजची शंका असेल तर टी-३ ही. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ थोडे वर दिसते. डोस नुकताच बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबून केलेल्या टीएसएचलाच अर्थ असतो. त्रास फार असेल तर डॉक्टर आधीही फ्री टी-४ बघतील.

बायोटिन या जीवनसत्त्वाकडे खास लक्ष द्या. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते भरपूर असते आणि अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते. रिपोर्ट हुबेहूब अतिडोससारखा दिसतो. किमान दोन दिवस आधी ते बंद करा. मात्रा मोठी असेल तर किती दिवस थांबायचे ते डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइड चालू असताना किंवा मोठ्या आजारपणातही टीएसएच खाली येते, तेव्हा त्या एका आकड्यावर डोस कापू नये.

थायरॉइडसोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, साखर, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात, शिवाय ईसीजी. यादी लांबलचक वाटते, पण पुढची पायरी वाचली की तिचे कारण कळेल.

पायरी ६: आरोपी दुसराच आहे का?

टीएसएच सामान्य आहे आणि थरथर आहेच, तेव्हा गोळीच्या मागे लागून उपयोग नाही. औषधांची पिशवी रिकामी करा. दम्याचे साल्ब्युटामॉल आणि थिओफायलिन, फिटसाठीचे व्हॅल्प्रोएट, नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अॅमिओडॅरोन: या सगळ्यांनी हात कापतात. अॅमिओडॅरोन आणि मनोविकारावरचे लिथियम तर थायरॉइडही बिघडवतात आणि कंपही देतात, त्यामुळे दोष नेहमी चुकीच्या माथी जातो. चक्कर आणि उलटीवरची औषधे साधी म्हणून कोणी मोजतच नाही. पण सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखा ताठरपणा आणि थरथर येऊ शकते. मेटोक्लोप्रमाइडने तोंड-जिभेच्या चमत्कारिक हालचालीही जडतात.

मधुमेहाच्या औषधांवर असाल तर थरथर आली त्या क्षणी साखर मोजा. साखर घसरल्यावरचा कापरा, घाम आणि धडधड थायरॉइडच्या अतिरेकासारखीच असते.

ग्रंथी काढलेल्यांत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा होऊन कॅल्शियम कमी राहते. त्याने आखडणे, पेटके आणि मुंग्या येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मेंदूतल्या हालचालींच्या केंद्रांत कॅल्शियम साचून खऱ्या हालचालींचे विकारही होऊ शकतात. ‘थायरॉइड काढला, गोळी चालू आहे, तरी बोटे वळतात’ अशी तक्रार असलेल्याने टीएसएचच्या आधी कॅल्शियमचा रिपोर्ट मागावा.

उलटी बाजूही आहे. डोस कमी पडला तरी स्नायूंत गोळे येतात, हालचाली मंदावतात, तोल जातो. याला अतिडोस समजून गोळी आणखी कमी केली की दुखणे वाढते. हाशिमोटोशी जोडलेला मेंदूचा एक दुर्मीळ विकारही आहे: झटके, कंप, फिट, गोंधळ. तो प्रतिकारशक्तीशी संबंधित मानला जातो आणि बहुधा स्टिरॉइडला प्रतिसाद देतो. गोळी बंद करून तो बरा होत नाही.

पायरी ७: उपचार आणि वाट पाहणे

डोस जास्त असल्याचे ठरले, तर डॉक्टर सहसा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने कमी करतात. अतिरेक मोठा असेल तर काही दिवस गोळी थांबवतातही. हा निर्णय स्वतः घेऊ नका. अतिडोस घालवायला गोळी कायमची बंद केली, तर काही आठवड्यांत थकवा, सूज, मंदपणा परत येतो आणि मग डोस नव्याने बसवावा लागतो.

डोस कमी केल्यावर आठवडाभरात हात शांत होतील अशी अपेक्षा ठेवू नका. अर्धायुष्याचा हिशेब आठवा. दर आठवड्याला नवे वेटोळे काढा आणि पहिल्याशी ताडून पाहा. टीएसएच बराच काळ दबलेले असेल तर फ्री टी-४ ठीक झाल्यावरही ते वर यायला आणखी आठवडे, क्वचित महिने लागतात. त्या मधल्या काळात नुसत्या टीएसएचकडे बघून डोस पुन्हा कापला, तर लंबक उलट बाजूला जातो.

दरम्यान त्रास जास्त असेल तर प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर (अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारे औषध) देतात. कंप आणि धडधड दोन्ही उतरतात. दमा, मंद नाडी, हृदयातला ब्लॉक असेल तर आधी सांगा. मधुमेहींत ते साखर घसरल्याच्या खुणा झाकते. मनानेच सुरू करू नये आणि अचानक बंदही करू नये. त्याचा एक तोटा क्वचितच सांगितला जातो: हात शांत दिसतात म्हणून जास्त डोस तसाच चालू राहतो, आणि हाडांची झीज व हृदयाची अनियमित लय यांचा धोका आतल्या आत वाढतो. कोरियासाठी कधी डोपामिन अडवणारी औषधे लागतात, पण ती तज्ज्ञाच्या हातून, मोजक्या काळासाठी. पातळी सुधारली की हा कोरिया बहुधा ओसरतो.

वेगळे नियम असलेले लोक

थायरॉइडचा कर्करोग झालेल्या काहींत टीएसएच मुद्दाम दाबून ठेवलेले असते. त्यांचा रिपोर्ट अतिडोससारखा दिसतो, पण तो ठरवून केलेला असतो. थरथर असह्य असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांशी टीएसएचचे लक्ष्य किती सैल करता येईल हे बोलावे. पिट्युटरी ग्रंथीच्या दोषामुळे गोळी चालू असेल तर टीएसएच बघून काही कळत नाही. तिथे फ्री टी-४ हाच मापदंड. याच रुग्णांत, आणि अॅड्रिनल ग्रंथी दुबळी असलेल्यांत, कॉर्टिसोल या अॅड्रिनलच्या संप्रेरकाची उणीव भरून न काढता थायरॉइडची गोळी सुरू केली तर रक्तदाब कोसळून माणूस गंभीर होऊ शकतो.

वृद्ध आणि हृदयरोग्यांत सुरुवातच १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने करतात. त्यांच्यात अतिडोसची थरथर, घाम अशी ठळक लक्षणे नसतातही. नुसते वजन उतरणे, उदासी आणि अनियमित नाडी एवढेच दिसते. म्हणून आजोबांचे हात स्थिर आहेत यावर समाधान मानू नका, नाडी तपासा.

सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच आणि फ्री टी-४ योग्य आले, कॅल्शियम आणि साखर ठीक निघाली, औषधांची पिशवी चाळून झाली आणि हालचाल तरीही आहे, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. जाताना तारखांची वही, वेटोळ्यांचे सगळे कागद, व्हिडिओ आणि चालू-बंद औषधांची यादी सोबत न्या.